नाव जुने, फटाका नवा

‘फटाका’ हा शब्द जरा मोठ्याने उच्चारून पाहा. त्यात आवाज ऐकू येतो ना? ‘फट्’ करतो तो फटाका. ‘फुसका’ हा त्याचा भाऊही तसाच आवाजावरून आलेला, आणि या दोन शब्दांत पदार्थविज्ञानाचा अख्खा धडा आहे. दारू तीच, पण उघड्यावर ती नुसती भुरकन जळून जाते. तिच्याभोवती कागदाचे घट्ट वेष्टन असले म्हणजे ज्वलनातून निघालेले तप्त वायू आत कोंडतात, दाब वाढतो आणि वेष्टन एकाएकी फाटते. वेष्टन सैल असले की वायू वाट काढतात. झाला फुसका बार!

आता चीनकडे वळू, कारण दारूचा शोध तिथला. चिनी भाषेत फटाक्याला ‘बाओ-झू’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘फुटणारा बांबू’. कागदी फटाक्यात बांबू कुठून आला? सहाव्या शतकातील एका चिनी ग्रंथात वर्णन आहे, की वर्षाच्या पहिल्या दिवशी भुतेखेते पळवून लावण्यासाठी लोक बांबू जाळतात. बांबूच्या दोन गाठींमधली पोकळी बंद असते. विस्तवात आतली हवा तापते, ओलाव्याची वाफ होते आणि कांडे मोठा आवाज करून फुटते. यात दारूचा संबंधच नाही! दारूच्या कृती लिहिलेल्या सापडतात त्या १०४४ सालच्या ग्रंथात. वस्तू बदलली, नाव तेच राहिले.

हे सांगण्याचे कारण असे की, ‘रामायणात अग्निबाण आहेत, म्हणजे आपल्याकडे तेव्हाही दारू होती’ असे वाक्य वक्तृत्वस्पर्धेत हमखास ऐकू येते आणि त्याला टाळ्याही पडतात. मला हे मान्य नाही. दिवाळीत बाटलीत उभा करून उडवतो त्यालाही आपण ‘बाण’च म्हणतो, पण धनुष्यावरचा बाण त्याहून कितीतरी जुना. शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली असे नव्हे. कृती हवी, घटकद्रव्ये हवीत, ग्रंथाचा काळ हवा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास असाच शोधला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत तो इ. स. १४०० पासून आहे, पुराणकाळापासून नव्हे. त्यांच्या पुराव्यांत ओडिशाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७–१५३९) याचा ‘कौतुकचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ आहे, आणि त्यात सोरा, गंधक, कोळसा घातलेल्या कृतीच दिलेल्या आहेत. याला म्हणतात पुरावा.

जाता जाता आणखी एक गंमत. ‘दारू’ हा शब्द फारसी. मूळ अर्थ औषध. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला ‘हुओ-याओ’ म्हणतात, म्हणजे ‘अग्नीचे औषध’! आता वर्गात कोणीतरी हात वर करून म्हणेल, ‘सर, म्हणजे आपला शब्द चिनीचेच भाषांतर!’ शंका चांगली आहे. पण नुसत्या साम्यावर मी गुण देणार नाही. मधल्या कड्या शोधून आणा, मग बोलू.