पुरातून वाचलेला संगणक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय. वाडीचे नातेवाईक हे वाचणारच आहेत. त्यांनी काकांना लगेच फोन करू नये, ही विनंती.

दिवाळीत नृसिंहवाडीला गेलो होतो. काकांचा संगणक २०१२ सालचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पाणी गावात शिरलं, तेव्हा दोन्ही वेळा तो गाद्यांच्याही आधी माळ्यावर गेला. कारण त्यात यजमानांची यादी आहे. कुठल्या गावचे, कुणाचे कोण, अभिषेक कुणाच्या नावाने, प्रसाद पोस्टाने कुठे पाठवायचा. आजोबांच्या चोपड्यांतून उतरवून काकांनी २००३ पासून एका बोटाने टंकलेली. (दुसरं बोट तपकिरीसाठी राखीव.)

दसऱ्याच्या सुमारास पडद्यावर चौकट आली, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. काका शिस्तीचे, ‘हो’ म्हणाले. मराठी टंकलेखनाच्या त्या प्रोग्रॅमने (कंपनीचं नाव घेत नाही) आधी जुनी आवृत्ती काढून टाकली आणि मग सांगितलं, की नवी या संगणकावर चालणार नाही. क्रम बघा! नवं घर या जागेवर बसतंय का ते न बघता जुनं पाडून मोकळे.

फायली जागच्या जागी आहेत. पण त्या कंपनीच्या स्वतःच्या फॉन्टच्या हिशेबाने लिहिलेल्या, युनिकोडमध्ये नाहीत. दुसऱ्या कशात उघडल्या तर ‘दत्तात्रेय’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मी कंपनीत फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलला. ‘सर, सिस्टीम अपग्रेड करून घ्या.’ जुनी आवृत्ती परत द्या म्हटलं, तर ती आता ‘सपोर्टेड’ नाही. काकांनी ती पैसे मोजून विकत घेतली होती हो!

ही एकट्या त्या कंपनीची खोड नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. ही पिढी २०१७ची आणि विंडोज ११ आलं २०२१मध्ये. म्हणजे चार-पाच वर्षं वापरलेला, धडधाकट चालणारा संगणक त्याच दिवशी म्हातारा ठरला. वर्षभर जास्तीचे सुरक्षा-अपडेट देऊ म्हणाले, तेही अटी घालून. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे त्या अटी सैल झाल्या. मग सैल करता येत होत्या की! आपल्याकडे कुणी ओरडलं नाही, एवढाच फरक.

लिनक्सवाले मित्र आता गालातल्या गालात हसत असतील. हसू नका. ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३पासून ३२-बिट पीसीवर नव्याने बसवायची सोय त्यांनीही काढली. पण त्यांच्या जुन्या आवृत्त्या जागेवर आहेत, हव्या त्याने उतरवून घ्याव्यात. माझं भांडण नेमकं इथे आहे.

सुरक्षिततेचं काय, असं विचाराल. मान्य, भोकं बुजवायलाच हवीत. पण काकांच्या यादीला कोणता धोका होता? आणि भोक बुजवण्याच्या नावाखाली अख्खी भिंत बदलायची, आणि तिच्यासाठी नवा पाया मागायचा, ही कुठली सुरक्षितता? नवीन काढायचं तर जरूर काढा. जुनं चालतंय ते चालू द्या, आणि आमचा मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढायची वाट ठेवा. २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं असा विचार झाला. काकांच्या फायलींचा विचार कोण करणार?

वाडीच्या माणसाला पाण्याची भीती नसते असं नाही. पण पाणी पायरी-पायरीने चढतं. पादुकांकडे येऊ लागलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी पादुकांवरून दक्षिणद्वारातून वाहू लागलं की लोक भर पावसात स्नानाला धावतात. आणि ते उतरतंही. चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार, दोन्ही शब्द आमच्याकडे आहेत. अपडेटला फक्त चढता माहीत.

असो. माळ्यावर २०१६ची एक छापील प्रत सापडली, कडेने वाळवी लागलेली. रोज रात्री नऊला काकू फोनवर नावं वाचतात आणि मी इथे युनिकोडमध्ये टंकतो. काका मागून दुरुस्त्या सांगतात, ‘ते गेले, आता मुलाचं नाव घाल.’ २०१६नंतरची नावं काका आठवून सांगणार आहेत. काल ‘ग’ संपला.