आजोबांची बिडी आणि नातवाची नळी

शहरात शिकणारा नातू सुटीत केनवडला येतो आणि आजोबांच्या हाती धातूची नळी ठेवतो : “बिडी सोडा, यात धूर नाही, नुसती वाफ आहे.” हेतू मायेचा असतो. म्हणूनच ही नळी आतून कशी असते, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी समजून घ्यावे.

ई-सिगारेटचा ‘मेकॅनिकल’ प्रकार हा आपल्या हातबॅटरीचाच भाऊबंद. सेल, कळ, धातूचे अंग आणि दिव्याच्या जागी तारेचे वेटोळे. हातबॅटरीची स्प्रिंग गंजली की उजेड मंदावतो, कारण विजेचा काही दाब त्या सांध्यातच खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधली सैल वायर तापून काळी पडते, ती याच कारणाने. हातबॅटरीत प्रवाह अल्प असल्याने हे निभावते. या नळीत मात्र पूर्ण भारलेला सेल ४.२ व्होल्टचा आणि वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम असेल, तर प्रवाह २१ अँपिअरच्या घरात जातो. त्याला आवर घालणारे इलेक्ट्रॉनिक संरक्षण या प्रकारात नसते. सांधे घासून लख्ख केले की वाफ वाढते, तसा सेलवरचा ताणही वाढतो. सेलचे वेष्टन फाटलेले असेल किंवा कळ दबून राहिली, तर सेल फुटू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशा उपकरणाच्या स्फोटात एकाचा मृत्यू झाला.

वाफही निर्दोष नाही. निकोटिनमुळे नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो. दमेकऱ्याला खोकल्याची उबळ येते. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री व साठवण यांवर बंदी आहे. साहजिकच, चोरवाटेने हाती आलेल्या वस्तूच्या दर्जाची हमी कोणीच देत नाही.

घरात अशी नळी असल्यास सेल काढून वेगळा ठेवावा. तो खिशात किल्ल्यांसोबत नको आणि चुलीत तर मुळीच नको. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट वा शाई लावू नये. लहान मुलाने त्यातील द्रव गिळल्यास ओकारी काढू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

बिडी सोडायची इच्छा मात्र मोलाची आहे. नातवाची माया नाकारू नका. त्याच्याच फोनवरून १८००-११-२३५६ ही शासनाची विनामूल्य तंबाखूमुक्ती सेवा लावून घ्या.