आजारी अर्भक आणि बापाचा खाडा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता देशभर अमलात आल्या आणि १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. २०१७ च्या दुरुस्तीने स्त्री-कामगारांना मिळालेली सव्वीस आठवड्यांची पगारी रजा नव्या संहितेत कायम राहिली, हे चांगलेच झाले. परंतु प्रसूतिलाभाचे सगळे प्रकरण वाचून संपले तरी त्यात दोघांची गाठ पडत नाही. एक मुलाचा बाप आणि दुसरे आजारी मूल. मुदतपूर्व प्रसूतीमुळे आई आजारी पडली तर तिला आणखी एका महिन्याची रजा मिळते. आई बरी आहे, पण मूल काचेच्या पेटीत आहे, अशा वेळी काय करायचे याविषयी कायदा मौन पाळतो. बापाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. त्याने कामावर असावे, असे कायद्याने गृहीतच धरलेले आहे.

हे गृहीतक प्रत्यक्षात कसे उतरते, ते पाहायला फार दूर जावे लागत नाही. पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आपटा हे गाव आहे. लोहमार्ग रोह्यापर्यंत १९८६ साली गेला. त्यापूर्वी वीस वर्षे आपटा हेच त्या मार्गावरचे शेवटचे स्थानक होते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, खारघरला बालकांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे आणि परळला वाडिया व के. ई. एम. ही रुग्णालये आहेत. नकाशावर पाहिले तर आपट्याच्या आजारी अर्भकाला काही कमी नाही. अडचण नकाशात दिसत नाही, ती वेळापत्रकात दिसते. आपट्याहून पनवेल, पनवेलहून हार्बर मार्गाने कुर्ला, तेथे गाडी बदलून परळ, आणि रात्री तोच प्रवास उलटा. असा प्रवास एक दिवस कोणीही करील. तो तीन महिने करावा लागला म्हणजे संसाराची घडी विस्कटते.

आपट्याच्या परिसरातील तरुण बाप बहुधा पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली असतो, पनवेलला एखाद्या कचेरीत कारकून असतो किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो. मूल सातव्या महिन्यात जन्मले किंवा त्याच्या हृदयाला छिद्र निघाले, की आरोग्य केंद्रातून पनवेलला आणि पनवेलहून मुंबईला अशी चिठ्ठीमागून चिठ्ठी मिळत जाते. मुलाजवळ आई राहते. नवजात कक्षात गर्दी चालत नाही आणि संसर्गाची भीती खरी असते, म्हणून बाप दाराबाहेर. केसपेपर काढणे, रक्तपेढीत जाणे, औषधे आणणे, शिधापत्रिका आणि आधारपत्राच्या प्रती काढून योजनेच्या खिडकीपुढे उभे राहणे, ही त्याची कामे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही बहुधा त्याचीच घेतली जाते. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत काय सांगितले हे मात्र त्याला बायकोच्या तोंडून कळते, तेही ती बोलण्याच्या मनःस्थितीत असेल तर. रात्री तो घरी पोचतो तेव्हा थोरले मूल आजीच्या कुशीत झोपी गेलेले असते. मूल आज दूध प्यायले का, असे आजी विचारते. त्याला ते ठाऊक नसते. शेजारी बारशाची चौकशी करतात, कारण बारा दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात.

मूल घरी आले म्हणजे संकट टळले, अशी आपली समजूत असते. मोठे आजार घरी येतातच, आणि सोबत रुग्णालय घेऊन येतात. नळीने भरवायचे असते, कफ ओढून काढणारे यंत्र चालवायचे असते, श्वासाला आधार देणारे यंत्र रात्रभर पाहायचे असते. जुलैच्या पावसात वीज गेली की घरातली सगळी माणसे जागी होतात. दोघांनी पाळ्या लावून रात्र काढल्याशिवाय हे निभत नाही. ज्या घरात बाप रोज सकाळी पाळीला जातो, तेथे पाळी एकटीचीच असते. तिची चिडचिड आणि त्याचे मौन यांतून जे काही घडते त्याला लोक घरातली कुरबूर म्हणतात. ती कुरबूर नव्हे. दोन माणसांचे काम एकावर पडल्याचा तो हिशेब असतो.

२०२१ साली महाराष्ट्राने असे बाप वर्तमानपत्रांतून पाहिले. मुंबईतील पाच महिन्यांच्या एका मुलीला पाठीच्या कण्यातील मज्जापेशी निकामी करणारा, स्नायू दुर्बळ करत नेणारा आनुवंशिक आजार होता. तिच्या जनुकीय औषधाची किंमत सुमारे सोळा कोटी रुपये होती. आईबापांनी लोकांपुढे हात पसरले, लोकांनी भरभरून दिले आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचा आयातकर व वस्तू-सेवा कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बालिकेला जूनमध्ये तेच औषध मिळाले. ऑगस्टमध्ये ती गेली. त्या काळात केंद्राचे दुर्मिळ आजारांचे धोरण आले, २०२२ मध्ये त्यातील साहाय्याची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढली, आणि के. ई. एम. हे त्याचे एक केंद्र ठरले. याच आजारावरच्या रिस्डिप्लाम या तोंडावाटे द्यायच्या औषधाची एक बाटली सुमारे सहा लाखांना मिळत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचे अपील फेटाळल्यावर भारतीय कंपनीची बाटली पंधरा हजार नऊशे रुपयांना बाजारात आली. हा बदल लहान नाही. पण हे औषध रोज, आयुष्यभर द्यावयाचे आहे. औषध स्वस्त झाल्यामुळे मूल जगेल; त्याच्यासोबत कोण राहील, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, उलट तो आता खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आता रजेच्या नियमांकडे पाहू. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. ती निरोगी मुलाच्या बारशाला पुरते. बालसंगोपन रजा स्त्रियांना ७३० दिवस आहे; २०१८ पासून ती पुरुषांना मिळू लागली, परंतु एकट्या पालकाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या निर्णयाने १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीतही पुरुषाला प्रवेश आहे, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे मूल कितीही आजारी असो, त्याची आई धडधाकट आहे तोवर बाप संगोपनास अपात्र. यातला क्रूर विनोद नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. मग उरते किरकोळ रजा, ती पहिल्या पंधरवड्यात संपते. अर्जित रजा शिक्षकाच्या खात्यावर फारशी नसतेच. परिवर्तित रजेसाठी स्वतःच आजारी असल्याचा दाखला लागतो, आणि तो कसा मिळवला जातो हे प्रत्येक कचेरीतील प्रत्येकाला माहीत असते. प्रामाणिक माणसाला खोटा दाखला आणायला लावणारा नियम वाईटच म्हटला पाहिजे. शेवटी असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेचे प्रकरण आले. तिच्या मुलाला जन्मजात आजार होता आणि तिची रजा संपली होती. बालसंगोपन रजा ही मेहेरबानी नसून स्त्रियांच्या नोकरीतील सहभागाशी निगडित घटनात्मक बाब आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ती योग्य आहे. तथापि त्याच महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापक पित्याला अशी दाद कशाच्या आधारावर मागता आली असती, याचे उत्तर मिळत नाही.

खासगी कारखान्यातील कामगाराची अवस्था याहून बिकट आहे. राज्य विमा योजनेत त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. मुलाच्या उपचाराची सोय तीतून होते. आजारपणाचा भत्ता, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, हा मात्र विमाधारक स्वतः आजारी पडला तरच. ठेकेदाराच्या मुकादमाकडे तर एकच शब्द आहे, खाडा. तीन खाडे झाले की बदली माणूस उभा असतो.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांची चार अपत्ये बालपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि या लाभाचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असा विचार मांडला. त्या दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा हे खरे. त्यांनी तो जोडलेला नाही. परंतु भार कोणी उचलावा, हा त्यांचा मुद्दा आज जसाच्या तसा लागू पडतो. सव्वीस आठवड्यांचे वेतन जेथे मालकालाच द्यावे लागते तेथे लहान उद्योजक तरुण स्त्रियांना कामावर घ्यायलाच बिचकतो, अशी तक्रार सतत ऐकू येते. बापाची रजाही एकट्या मालकावर टाकली तर तिचे तेच होईल. ती विम्यातून यायला हवी.

स्वीडनने १९७४ साली मातृत्व विम्याचे रूपांतर पालकत्व विम्यात केले. तेथे आजारी मुलाजवळ थांबण्यासाठी आईबापांपैकी कोणालाही दर मुलामागे वर्षातून १२० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून नवजात कक्षात सात किंवा अधिक दिवस सलग राहावे लागलेल्या अर्भकाच्या दोन्ही पालकांना बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा दिली आहे. हे श्रीमंत देश आहेत, हा आक्षेप मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी केलेल्या शिफारशी सर्वांसाठी आहेत, आणि त्यांत आई, बाप व इतर संगोपनकर्त्यांच्या रजेचा उल्लेख आहे. अर्भकाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत कोलंबियासारख्या गरीब देशात १९७८ मध्ये सुरू झाली. बापाची छातीही त्यासाठी चालते. आपल्याही आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नवजात कक्षात कुटुंबाला सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. एका मंत्रालयाने बापाला आत बोलवायचे आणि दुसऱ्याने त्याला पाळीवर ठेवायचे, असा हा कारभार आहे.

रजा मिळाली तर पुरुष घरी झोपा काढतील, ही टीका होईलच. काही काढतीलही. म्हणून ही रजा सर्व बापांना सरसकट मागण्याचे कारण नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते, ते व्यापक होते; त्याचा कायदा झाला नाही. गंभीर आजारी अर्भकाची गोष्ट मर्यादित आहे. सरकारी रुग्णालयाचा दाखला, मुलाचे वय दोन वर्षांच्या आत, आणि रुग्णालयातील दिवस व त्यानंतरचा ठरावीक काळ, एवढ्या अटी पुरेत. राज्य विमा योजनेतील आजारपणाचा भत्ता अशा बापालाही लागू करता येईल.

रोजंदारीवरच्या माणसाचे काय, हा खरा कठीण प्रश्न आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व कुटुंबांना खुली आहे आणि तिची मर्यादा पाच लाखांची आहे, परंतु ती रुग्णालयाचे बिल भागवते, घरी न आलेली मजुरी नव्हे. आपल्याच राज्यात आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजनेखाली, दवाखान्यात दाखल मुलासोबत राहणाऱ्याला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी असते आणि ती वेळेवर मिळतेच असे नाही. तरीही मुलाजवळ बसलेल्या माणसाचा दिवस फुकट नसतो, हे तत्त्व शासनाने तेथे स्वीकारलेले आहे. आपट्याच्या ठेकेदारी कामगाराला ते नाकारण्याचे कारण सापडत नाही. विमा भत्त्याची व्याप्ती वाढवायला दिल्ली हलवावी लागेल, बुडीत मजुरीसाठी अर्थसंकल्पात तरतूद लागेल. राज्याच्या कर्मचाऱ्यांपुरते मात्र विधिमंडळापर्यंतही जावे लागत नाही. गंभीर आजारी अर्भकाच्या बाबतीत पत्नी हयात नसण्याची किंवा अंथरुणाला खिळलेली असण्याची अट लागू होणार नाही, एवढे एक वाक्य २०१८ च्या निर्णयात घालणारे शुद्धिपत्रक मंत्रालयातून निघाले तरी पुरे.