रिकामी कांडी



या महिन्यात खरं तर मोबाईलच्या पासवर्डवर लिहायचं ठरवलं होतं. दोघा-तिघांनी तसं सुचवलंही होतं. ते आता पुढच्या वेळी. गेले चार महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि तो आपल्यापैकी बऱ्याच घरांत न कळता चालू असणार, असं मला वाटतं.

आमचे आप्पा ६८ वर्षांचे. खान्देशातून सुरतेला आले ते उधन्याला लूमवर लागले, आणि निवृत्त होईपर्यंत लूमवरच राहिले. आता कामरेजला आमच्याजवळ असतात. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस-मच्छी नाही, अंडंही नाही. ११ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. दिवाळीनंतर एकदा सकाळी देवळातून परत आले ते एका पायात चप्पल नसताना. वाटेत कुठे निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. आई हसली, मीही हसलो. आप्पा म्हणाले, "काही नही रे, उमर व्हयनी आते." ते हसणं मला आजही टोचतं.

मग एक दिवस तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि बेसिनपाशीच त्यांचा तोल गेला. पडले नाहीत, आईने धरलं. पायाला मुंग्या येतात म्हणजे शुगरच वाढली असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. एका डॉक्टरांनीही तेच म्हणून गोळी वाढवून दिली. इतर वेळी चार प्रश्न विचारणारा मी, तिथे एकही विचारला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शुगरचा कागद बाजूला ठेवला आणि जेवणाचं विचारलं. दूध किती? दही? मेटफॉर्मिन किती वर्षं? आणि दोन तपासण्या लिहून दिल्या, बी-१२ आणि होमोसिस्टीन. बी-१२ आलं ११२, लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास. होमोसिस्टीन ४१, जे १५ च्या आत हवं.

होमोसिस्टीन हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. ते एक अमिनो आम्ल आहे, पण डाळीतून किंवा दुधातून येणारं नाही, शरीरातच तयार होणारं. आपण प्रथिनं खातो त्यांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यावर एक छोटा रासायनिक गट असतो, मिथाइल. शरीराला हा गट शेकडो ठिकाणी लागतो: डीएनएवर खुणा करायला, मेंदूतली रसायनं बनवायला, नसांवरचं आवरण धड ठेवायला. मेथिओनिन तो देऊन टाकतं आणि मागे जे उरतं ते होमोसिस्टीन.

आप्पांना हे सांगताना मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरच्या भाषेत शिरलो आणि अडकलो. त्यांनीच मला सोडवलं. "म्हणजे कांडी रिकामी झाली," ते म्हणाले. ज्यांच्या घरात कोणी लूमवर नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. धोट्यात बसवलेल्या कांडीवरचं सूत विणताना संपतं. रिकामी कांडी फेकत नाहीत, पुन्हा भरायला पाठवतात. होमोसिस्टीन ही ती रिकामी कांडी. तिच्यावर पुन्हा मिथाइल चढवून मेथिओनिन करायचं तर दोन गोष्टी लागतात. फोलेट मिथाइल आणून देतं आणि बी-१२ ते चढवतं. बी-१२ नसेल तर सूत दारात येऊन पडून राहतं, कांड्यांचा ढीग साचतो आणि लूम उभा राहतो. रिकाम्या कांड्या निकालात काढायची आणखी एक वाट आहे, बी-६ च्या मदतीने त्यांचं सिस्टीन बनवण्याची, पण ती एकटी पुरत नाही.

आपल्या माणसांचं नेमकं इथेच अडतं, हे पुण्यात नीट मोजलं गेलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही होते. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. मला वाटलं होतं, सगळ्यांत वाईट स्थिती गरिबांची असेल. तसं नव्हतं. शहरी मध्यमवर्गीयांत बी-१२ कमी असलेले ८१ टक्के निघाले! फोलेटची कमतरता मात्र फारशी दोषी नव्हती. भाजी-डाळ आपण खातोच. बी-१२ वनस्पतींत नसतं. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. शाकाहारी माणसाला उरतं दूध-दही. मोठ्या ग्लासभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, आणि दिवसाची गरज दोनाच्या थोडी वर. आमच्याकडे दूध म्हणजे चहात पडेल तेवढं. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषणही घटतं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांचंही तसंच. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून हे सगळं फार उशिरा कळतं.

कोणी म्हणेल, होमोसिस्टीन म्हणजे हार्टचं ना? हो, ती गोष्टही खरी आहे, पण अर्धी. १९६९ साली अमेरिकेत किल्मर मॅक्कली या डॉक्टरांनी होमोसिस्टीन प्रचंड वाढलेल्या लहान मुलांच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. त्या म्हाताऱ्यांच्या असाव्यात तशा झाल्या होत्या. तिथून हा विचार सुरू झाला. पण २००६ च्या मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरलं, तरी हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. तेव्हा हार्टसाठी म्हणून मनानेच गोळ्या सुरू करू नका. नसांचं वेगळं आहे, तिथे बी-१२ ची उणीव थेट नुकसान करते. आणि नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसा आतून बिघडतच राहतात.

घरात लहान सुना-मुली असतील त्यांनी हेही वाचावं. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांची पाहणी केली आणि त्यांच्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा जोडीची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देणारी निघाली. गरोदरपणात फोलिकची गोळी हवीच, ती बंद करायची नाही. बी-१२ तपासायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा.

आप्पांची पहिली अडचण माळेची होती. हे औषध कशाचं? मी शोधलं. बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडून, आंबवून बनवतात. कॅप्सूलचं वेष्टन कधी कधी जिलेटिनचं असतं, ते तेवढं बघून घ्यावं. इंजेक्शनला त्यांनी होकार दिला. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. दोन महिन्यांनी होमोसिस्टीन १३ वर आलं. हातांच्या मुंग्या गेल्या. तोल बराच सावरला, तरी साबण लावताना ते अजून एक हात बेसिनला धरून ठेवतात. पायांची बोटं मात्र बधिरच आहेत. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर हीसुद्धा परत आली असती, आता किती येतील ते बघायचं.

मग घरातल्या सगळ्यांचं तपासलं. माझं १६४, वय ३६! आईचं सगळ्यांत बरं निघालं, ती रोज रात्री वाटीभर दही खाते आणि आम्हाला खात नाही म्हणून बोलते. या विषयावर आता घरात तिच्यापुढे कोणी बोलत नाही.

आप्पांनी नव्या चपला घेतल्या आहेत, मागे पट्टा असलेल्या. पुढचं इंजेक्शन १२ तारखेला, त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. तारखेखाली लिहिलं आहे, "कांडी भरणे".