मिलिटरी इंटेलिजन्सचा फॉर्म : पालक, शिक्षक आणि निवृत्त सैनिकांना जाहीर आवाहन

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यापासून बुलढाण्यापर्यंतच्या भरती ॲकॅडम्यांत एक प्रश्न हमखास कानावर येतो : मिलिटरी इंटेलिजन्सचे फॉर्म कधी सुटतात? विचारणारं पोर हुशार असतं, पळायला चपळ असतं आणि मोबाइलवर हेरगिरीच्या मालिका पाहून त्याच्या डोक्यात ते वेड पक्कं बसलेलं असतं. उत्तर देणारे मात्र बहुतेक जण आडवळणाने बोलतात. सरळ उत्तर असं, की अधिकारी म्हणून थेट लष्करी गुप्तवार्तेत घेणारा फॉर्म सुटतच नाही.

भारतीय लष्करात इंटेलिजन्स कोअर आहे, 1942 मध्ये उभी राहिलेली. तिची प्रशिक्षण संस्था दुसरीकडे कुठे नाही, पुण्यातच आहे. पण तिच्यात जाण्याची वाट इतर कोणत्याही दलात जाणाऱ्या अधिकाऱ्याचीच. तरुण आधी एनडीएतून, सीडीएसमधून किंवा एनसीसीच्या विशेष प्रवेशातून लष्करात निवडला जातो. प्रबोधिनीतल्या प्रशिक्षणाच्या अखेरीस त्याला पसंतीची दलं विचारतात आणि त्याची गुणवत्ता व लष्कराची गरज पाहून दल ठरतं. काही अधिकारी इतर दलांत उमेदवारी करून पुढे या कामावर येतात. इंटेलिजन्स ब्युरोची सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी ही परीक्षा निराळी. ते खातं गृह मंत्रालयाचं आहे आणि तिथे गणवेश नसतो. दोन्हींची गल्लत करून चुकीच्या परीक्षेच्या तयारीत दोन वर्षं घालवणारी मुलं थोडीथोडकी नाहीत.

हे आवाहन त्या मुलांपेक्षा त्यांच्या भोवतालच्या मोठ्यांना आहे.

पहिली विनंती पैशांबद्दल. फॉर्म नाही म्हटल्यावर तो 'आतून' काढून देणारे उगवतात. 28 फेब्रुवारी 2021 रोजी होणारी लष्कराची सैनिक भरतीची लेखी परीक्षा पेपर फुटल्यामुळे रद्द करावी लागली, आणि ते प्रकरण पुण्यात उघडकीला आलं. तेव्हा अटकसत्रही झालं. पण प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या हजारो मुलांची तयारी वाया गेली ती गेलीच. गुप्तवार्तेच्या नावाखाली तर दलालाचं काम आणखी सोपं होतं, कारण 'हे सगळं गुप्त असतं, कोणाला सांगू नका' एवढं म्हटलं की बाप बँकेतली ठेव मोडून येतो आणि पावतीही मागत नाही. कोणी ओळखपत्र दाखवून पैसे मागितले, तर पालकांनी त्या दिवशीच पोलीस ठाणं गाठावं. लष्करी भरतीत अर्जाच्या जाहीर शुल्कापलीकडे कोणाला काही द्यावं लागत नाही.

आता काम काय असतं ते. पडद्यावरचा हेर भिंतीवरून उड्या मारतो. खऱ्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याचा बराचसा दिवस टेबलाशी जातो : समोरच्या सैन्याची कोणती तुकडी कुठे आहे, कालपेक्षा आज काय बदललं, कोणत्या खबरीवर किती भरवसा ठेवायचा, आणि हे सगळं सेनापतीला एका पानात कसं सांगायचं. ब्रिटिश नौदलापासून रूढ झालेल्या एका पद्धतीत खबर देणाऱ्याला 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी मिळते आणि खबरीला 1 ते 6. खात्रीच्या माणसाकडून आलेली पक्की बातमी 'ए 1' ठरते. आणि 'एफ 6' म्हणजे माणसाचाही अंदाज नाही, बातमीचाही नाही. अशी श्रेणी लाज न वाटता लिहिता येणं हा या पेशाचा पाया आहे. आपल्याकडे शाळेत 'माहीत नाही' म्हटलं की छडी मिळायची, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

3 मे 1999 रोजी बटालिक भागातल्या गारकोन गावचा ताशी नामग्याल हा मेंढपाळ हरवलेला याक शोधत दुर्बीण घेऊन डोंगरात गेला होता. त्याला पठाणी वेशातली माणसं दगड-माती हलवताना, मोर्चे खणताना दिसली. तो खाली आला आणि जवळच्या लष्करी चौकीला त्याने दिसलं ते सांगितलं. कारगिलच्या घुसखोरीची पहिली खबर ती. 1965 च्या ऑगस्टमध्ये गुलमर्गच्या बाजूला मोहम्मद दीन नावाच्या गुराख्यानेही असंच केलं होतं. दोघांपैकी एकानेही कुठला कोर्स केलेला नव्हता. त्यांना आपला डोंगर माहीत होता, म्हणून तिथे नसायला हवं ते डोळ्यांत भरलं. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने गुप्तवार्ता यंत्रणांमधल्या त्रुटी आणि विस्कळीतपणा दाखवून दिला आणि त्यानंतरच्या सुधारणांतून 2002 मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली.

भरती ॲकॅडमीच्या फलकावर बहिर्जी नाईकांचं चित्र हटकून असतं. वेषांतराच्या ज्या कथा त्यांच्या नावावर सांगतात त्यांतल्या बऱ्याच पुढच्या काळातल्या. सभासदाच्या बखरीतला बहिर्जी मोजक्या ओळींत येतो : तो सुरत पाहून येतो आणि तिथे काय हाती लागेल ते महाराजांना सांगतो. पाहणं आणि सांगणं. 1664 ची सुरतेची मोहीम त्यानंतरची आहे.

त्यामुळे शिक्षकांना विनंती अशी, की महिन्यातून एकदा नववी-दहावीचा वर्ग आठवडी बाजारात न्यावा. दहा मिनिटं फिरू द्यावं, वही हातात न देता. परत आल्यावर प्रत्येकाने एक पान लिहावं, तीन रकान्यांत : पाहिलं, ऐकलं, अंदाज. पहिल्या खेपेला निम्मा वर्ग अंदाज 'पाहिलं'च्या रकान्यात घालेल. टेम्पो बंद पडला होता हे पाहिलेलं. त्याचं डिझेल संपलं होतं हा अंदाज. चालक मालकाशी भांडला होता हे पानवाल्याकडून ऐकलेलं. ही तिन्ही वाक्यं वेगवेगळी ठेवायला शिकलेलं मूल पुढे लष्करात गेलं नाही तरी बातमीदार, डॉक्टर किंवा तलाठी म्हणून कोणाचं नुकसान करणार नाही.

निवड मंडळापुढेही हीच सवय कामी येते. एसएसबी पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी पडद्यावर एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. पुढे 60 शब्द एकेक करून येतात, प्रत्येकाला 15 सेकंद. मग 60 प्रसंग, अर्ध्या तासात. त्यानंतर मैदानावरच्या गटाच्या कसोट्या, मुलाखत आणि शेवटची परिषद. शिकवणीत पाठ केलेली 'शूर तरुणाने गाव वाचवलं' छापाची गोष्ट मानसशास्त्रज्ञाने शेकडो वेळा वाचलेली असते. चित्रात बाई विहिरीकडे पाठ करून उभी असेल, तर ती का उभी आहे याचा स्वतःचा विचार केलेलं पोर वेगळं दिसतं. पालकांनी पंधरा दिवसांच्या 'एसएसबी क्रॅश कोर्स'वर पैसे ओतण्याआधी एवढं पाहावं, की मुलगा रोज वर्तमानपत्र वाचतो का आणि घरात वाद झाला तर दुसऱ्याची बाजू नीट सांगू शकतो का.

भूगोलाच्या शिक्षकांकडे या विषयातली मोठी ठेव आहे आणि ती बहुधा कपाटात गुंडाळून पडलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा : दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. खुल्या मालिकेतले हे नकाशे 2017 पासून ऑनलाइन उतरवून घेता येतात. सह्याद्रीत शनिवार-रविवारी ट्रेकला जाणाऱ्या मंडळांनी एका वारीत मोबाइल बंद ठेवून नुसत्या नकाशावर गड गाठावा. समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, पांगल्या की माळ. या बुरुजावरून ती वाडी दिसेल की मधली सोंड आड येईल, हे आधी कागदावर ठरवायचं आणि मग वर चढून ताडून पाहायचं. दुसऱ्या महायुद्धात कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही विमानांवर मासिकात लिहिणारी तरुणी ब्रिटिश हवाई दलात छायाचित्रं वाचण्याच्या कामावर गेली. 1943 मध्ये पेनेम्युंडेच्या हवाई छायाचित्रात एका उताराच्या टोकाशी असलेलं इवलंसं विमान तिने हेरलं. ते जर्मनांचं व्ही-1 अस्त्र होतं. विमानांचा नाद होता, म्हणून ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

भाषेच्या बाबतीत महाराष्ट्राला आपल्याच श्रीमंतीची किंमत कळलेली नाही, असं स्पष्ट म्हणायला हवं. सोलापुरातलं पोर घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दख्खनी बोलतं. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी कानावर घेऊन मुलं वाढतात. घरचे मात्र 'इंग्रजी सुधार' एवढंच म्हणतात. इंग्रजी हवीच, एनडीएच्या सामान्य क्षमता पेपरमधल्या 600 पैकी 200 गुण तिचे आहेत. पण सीमेवरच्या कामाला शेजाऱ्याची भाषाही लागते. एप्रिल 2023 मध्ये लष्कराने चिनी भाषा शिकवण्यासाठी तेजपूर विद्यापीठाशी करार केला, 16 आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी. उर्दू लिपी तर गावातल्या उर्दू शाळेचे गुरुजीही महिनाभरात शिकवतील. त्यांना कोणीतरी विचारायला हवं एवढंच.

कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. 1960 मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा लष्करी सराव घेऊन चीन कुठून आणि कसा येऊ शकेल याचं चित्र त्यांनी वरिष्ठांपुढे मांडलं. ते मनावर घेतलं गेलं नाही; ऑक्टोबर 1962 मध्ये काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने ही गोष्ट वाचून ठेवावी, कारण बरोबर असूनही न ऐकलं जाण्याचा प्रसंग त्याच्यावर कधीतरी येणारच.

यापुढचा भाग घरच्यांसाठी, आणि तो जरा टोचेल. पोरगा लष्करात लागला की आत्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर त्याचं युनिट, ठिकाण आणि रजेची तारीख झळकते. जुलै 2020 मध्ये लष्कराने जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली ती उगाच नाही. मे 2023 मध्ये तर पुण्यातल्या एका वरिष्ठ संरक्षण शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. समाजमाध्यमांवरून झालेल्या ओळखीतून गोपनीय माहिती पाकिस्तानात गेल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. वय, पद, शिक्षण यांचं कवच अशा ठिकाणी पुरत नाही. ज्याला गुप्तवार्तेत जायचंय त्याने तर आपण त्या वाटेला आहोत हेही मिरवू नये. आणि घरच्यांनी जेवणाच्या ताटावर खोदून विचारू नये.

तसंच दुसरं. निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते, आणि साक्षांकनाच्या अर्जात गुन्हा, अटक, खटला सगळं खरं लिहावं लागतं. मिरवणुकीतली हाणामारी, रास्ता रोको, भाऊंच्या वाढदिवसाला तलवारीने कापलेला केक : नेत्याचा फोटो छापून येतो, गुन्हा पोराच्या नावावर राहतो. गावच्या पुढाऱ्यांना हात जोडून विनंती, की एनडीएचा अभ्यास करणारी मुलं आंदोलनाच्या पहिल्या रांगेत उभी करू नयेत. गुन्हा दाखल झालाच असेल, तर तो लपवू नये. लपवणं हे स्वतंत्र कारण ठरून नोकरी जाते.

मुलींच्या पालकांनी 'ते आपल्यासाठी नाही' हे वाक्य आता सोडून द्यावं. फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ज्या दलांतल्या महिला अधिकाऱ्यांचा कायम कमिशनचा हक्क मान्य झाला, त्यांत इंटेलिजन्स कोअर आहे. एनडीएत मुली 2022 पासून आहेत आणि त्यांची पहिली 17 जणींची तुकडी मे 2025 मध्ये खडकवासल्यातून बाहेर पडली.

राज्य सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या सोयींची माहिती गावोगाव पोहोचत नाही, ही खरी अडचण. दहावीनंतर मुलांना एनडीएसाठी तयार करणारी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरात 1977 पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला 2023 मध्ये सुरू झाली. एसएसबीचं बोलावणं आलेल्यांसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, जिथे राहणं, जेवण आणि प्रशिक्षण मोफत असतं. मुख्याध्यापकांनी हे तिन्ही पत्ते शाळेच्या सूचना फलकावर कायमचे लावावेत. निवृत्त सुभेदार, हवालदार, अधिकारी यांनी महिन्यातला एक रविवार गावच्या वाचनालयात बसावं आणि मुलांना नकाशा, शिस्त आणि अर्ज भरणं एवढंच शिकवावं. गुपितं कोणी मागणार नाही, त्यांनीही सांगू नयेत.

अर्जाचं म्हणाल तर एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण 300 गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. गणिताने गांगरलेल्यांनी पदवीनंतर सीडीएसमधून चेन्नईच्या प्रबोधिनीसाठी बसावं. तिथे फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला 50 टक्के असतील, तर विशेष प्रवेशात लेखी परीक्षाही नाही, थेट एसएसबी. नाशिक रोडच्या केंद्रासाठी बोलावण्याचं पत्र, गुणपत्रकं आणि महाराष्ट्राचा रहिवासी दाखला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. नावं तिथूनच पाठवली जातात.