कीटकनाशकाला मित्र कळत नाही

मराठीत 'कीड' म्हणजे तो जीवही आणि त्याने केलेली नासाडीही. 'कीटक' हा शब्द मात्र निरपराध. वर्गात हा फरक मी समजावतो, पण दुकानातल्या बाटलीवर 'कीटकनाशक'च छापलेलं असतं. आमच्या उर्दूतही 'कीडेमार दवा'. बाटली प्रामाणिक म्हणायची, समोर येईल त्याला मारते.

रत्नागिरीत हापूसला मोहर आला की तुडतुडे येतात. रस शोषतात, चिकट गोड द्रव टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते. नुकसान खरं आहे. कर्ज काढून बाग करणाऱ्याला फवारूच नका, असं मी सांगणार नाही. पण त्याच मोहरावर कोळी, ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या शिकार करत असतात, परागीकरण करणाऱ्या माश्याही असतात. तुडतुडे न मोजता, नुसती तारीख बघून फवारलं की सगळेच जातात. मग फुलकिडे उसळतात आणि आणखी एक फवारणी.

आमच्याकडे ज्यांना ओंबील म्हणतात त्या तांबड्या मुंग्या घ्या. काजूवरच्या ढेकण्याची त्या शिकार करतात. दक्षिण चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या झाडांवर त्यांची घरटी विकत आणून लावत, याची नोंद सुमारे १७०० वर्षांपूर्वीची आहे. हेही खरं, की गोड रसासाठी त्या पिठ्या ढेकूण सांभाळतात आणि आंबा काढायला चढलेल्या गड्याला फोडून काढतात! म्हणून काहीजण घरटी जाळतात. आंब्याचं समजू शकतो. काजूत तरी राहू द्यावीत. काजू पिकला की खालीच गळतो, वेचायचाच असतो. मुंगी चावणार कुणाला?