फोटो-संपादन शाळेत शिकवायला हवे

फोटो-संपादन हे फ्लेक्सवाल्याचे किंवा डीटीपी केंद्राचे काम, बाकीच्यांचा त्याच्याशी काय संबंध, हा समज आता सोडायला हवा. बातमी, अफवा आणि प्रचार असे सगळेच फोटोच्या रूपात मोबाइलवर येऊ लागल्यावर क्रॉप, लेव्हल्स, क्लोन ही प्राथमिक साधने हाताळता येणे हा साक्षरतेचाच भाग ठरतो. शाळेच्या संगणक तासाला ती शिकवावीत. मुलांनी डिझायनर व्हावे हा त्यामागचा हेतू नाही. समोरचा फोटो कसा घडला असेल, हे त्यांना तपासता यावे.

साध्यात साधे साधन क्रॉपचे. जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे ग्रेटा थुनबर्गसह पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एका फोटोत उभ्या होत्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कडेची युगांडाची व्हेनेसा नाकाटे कापून तो प्रसिद्ध केला; उरलेल्या चौघी गोऱ्या होत्या. संस्थेला माफी मागावी लागली. फोटोत खोटे काहीच घातले नव्हते, तरी अर्थ बदलला. दुसरे साधन लेव्हल्सचे, म्हणजे फोटो उजळ-गडद करण्याचे. १९९४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप झालेल्या ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो न बदलता छापल्यामुळे फरक साऱ्यांना दिसला. लेव्हल्समध्ये ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे. मधला स्लायडर जरा सरकवला की चेहऱ्याचा भाव कसा पालटतो, हे ज्याने स्वतः करून पाहिले त्याला असे काळवंडणे चटकन खटकते. तिसरे साधन क्लोनचे, म्हणजे फोटोच्या एका भागाची नक्कल दुसरीकडे उमटवण्याचे. २००६ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या बैरूतच्या फोटोतला धूर क्लोन करून वाढवलेला होता. धुराचे तेच तेच आकार पुन्हा आलेले वाचकांनी हेरले आणि रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे सर्व ९२० फोटो मागे घेतले.

यावर कोणी म्हणेल, एआय क्षणात अख्खे चित्र बनवते, मग ही जुनी साधने कशाला? एआयचे प्रत्येक चित्र नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही, हे खरेच. पण प्रकाश कुठून येतो, सावली त्याला धरून आहे का, चौकटीबाहेर काय राहिले असेल, हे प्रश्न विचारण्याची सवय हाताने काम केल्यानेच लागते. शिवाय एआय आले म्हणून क्रॉपची फसवणूक थांबलेली नाही. मुले बनावट फोटो करू लागतील, ही भीतीही अपुरी आहे. चेहरे बदलणारी अॅप त्यांच्या हातात आधीच आहेत. नाही ती समज आणि ज्याचा फोटो बदलायचा त्याच्या संमतीचा विचार. तो धडा याच तासाला देता येईल. खर्चाची सबबही टिकत नाही, कारण १९९६ पासून उपलब्ध असलेले गिंप हे फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालते.

अभ्यासक्रमात यासाठी मोजके तास पुरतील. प्रत्येक विद्यार्थ्याने एकाच फोटोची दोन रूपे करावीत, काय बदलले आणि त्याने अर्थ कसा बदलला, हे लिहावे, आणि गुण त्या लिखाणाला द्यावेत.